उणे वीस

भातगिरणीच्या माळ्यावर बाईंची प्रयोगशाळा.
खाली पट्टा फिरत असला की वर टेबलाला कापरं,
जेल ओतलं तर त्यात लाटा उठायच्या.
म्हणून आमचं शास्त्र संध्याकाळी सातनंतर,
शेवटचं पोतं टेम्पोत चढल्यावर.
मी नळ्या धुवायचो. पहिली दोन वर्षं एवढंच.

बाई म्हणजे डॉ. कालिंदी खवणेकर.
आचऱ्याच्या खाडीत त्यांची आई कालवं काढायची,
कोयतीच्या एका ठोक्यात शिंपला उघडायची
आणि टोपलीत दोन वाटे करायची:
खडपावरली इकडे, खुटावरली तिकडे.
खुटावरल्यांनी पोट फुगतां, म्हणायची.
पुस्तकात मात्र दोन्हींना एकच नाव.
त्या दोन वाट्यांमधल्या चार बोटं जागेवर
बाईंची एकतीस वर्षं गेली.

एकदा आईने विचारलं, इतकी वर्षं वाचतंस तरी काय?
चार अक्षरं, बाई म्हणाल्या. तीच, उलटसुलट.
म्हातारी कोयती पुसत म्हणाली,
"चारच? ह्यां आधी म्हायत असतां
तर मीया पन शिकलंय असतंय."

विजयदुर्गापासून तेरेखोलपर्यंत
ओहोटीच्या वेळा बघून आम्ही गुडघाभर गाळात.
बाराशे कालवांचे बाराशे थेंब झाले,
नखाएवढ्या नळ्यांत, नितळ,
फ्रीझरात उणे वीसवर.
मग वादळात खांब पडले. पाच दिवस वीज नाही.
काटा उणे सहावर आला तेव्हा
मी सगळे डबे एम-एटीवर बांधून
बस्त्यावच्या बर्फाच्या फॅक्टरीत नेले,
सुरमईच्या पेट्यांमागे रचले,
वर खडूने लिहिलं: खाऊ नये.
बस्त्यावने वहीत नोंद केली,
"बाईंची कालवं, नग बाराशे, भाडं नाही."
कालव त्यात एकही नव्हतं.
त्याला समजावत बसलो नाही.

जांभळ्या दिव्याखाली त्या रात्री
खुटावरल्यांची रेघ एक बोटभर खाली उतरली होती.
तिसऱ्यांदा. चौथ्यांदाही.
बाईंनी चष्मा काढला, काही बोलल्या नाहीत,
जिना उतरून गिरणीच्या वजनकाट्यावर बसल्या.
काटा शेहेचाळीसवर थांबला.
मी वरूनच वाचला, अजून लक्षात आहे.

लेख तीनदा परत आला. नमुने अपुरे, म्हणे.
चौथ्यांदा छापला, आभारात आईचं नाव होतं,
पण एक अक्षर चुकलेलं.
एका अक्षराने काय होतंय, मी म्हणालो.
बाईंनी माझ्याकडे असं बघितलं
की मी निमूट नळ्या धुवायला गेलो.

वीस अक्षरांचा तो तुकडा, ज्याने दोघी वेगळ्या ओळखता येतात,
पहिल्यांदा आचऱ्याच्या टपालातून गेला, माझ्याच हातून.
पोस्टमास्तर मोचेमाडकरांनी नळी उजेडात धरली.
विश्राम, यात तर काहीच दिसत नाही, किंमत काय लिहू?
आता तो कुठल्या कुठल्या समुद्रांवर मागवतात,
कालवांची बी पेरण्याआधी तपासतात,
बाईंचं नाव त्यांना ठाऊक असेलच असं नाही.

बाईंकडे शिकलेली एक मुलगी हैदराबादला वाघांच्या विष्ठेतून वाघ मोजते.
एकाने पीएचडी अर्ध्यात सोडून
मिठबावला आमरसाचा कारखाना काढला.
त्याच्या प्रत्येक डब्यावर झाडाचा नंबर, तारीख, भरणाऱ्याची सही.
तारीख नाही तो नमुना नाही, तो गिऱ्हाइकांनाही ऐकवतो.
गिऱ्हाइकं हसतात.

बाई गेल्या वैशाखात गेल्या.
फ्रीझर चालू आहे. रोज दोनदा काटा बघून मी वहीत लिहितो.
पहिल्या डब्यात पहिली नळी:
खाडीचं नाव, तारीख,
आणि कोणी काढलं या रकान्यात, बाईंच्या बारीक अक्षरात, आई.

खालची गिरणी बंद होऊन चार वर्षं झाली.
टेबल आता पाण्यासारखं स्थिर असतं, दिवसभर.
तरी जेल मी सातनंतरच ओततो.